जुना महागडा टीव्ही: नफा विकताना नाही, घेतानाच होतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सेकंड हँड टीव्हीच्या धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आकडेमोड आणि तपासणीची यादी इथे सविस्तर लिहून देतोय. हा लेख सेव्ह करून ठेवा. जुना टीव्ही बघायला जाल तेव्हा मोबाईलवर उघडा आणि एकेक मुद्दा तपासत जा.

आधी माझी चूक सांगतो, कारण ती मला चांगलीच महागात पडली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चिंचवडला माझं दुकान नुकतं रुळलं होतं. वाकडच्या एका सोसायटीत एक काका 65 इंची ओएलईडी विकत होते. मुलाकडे कायमचं परदेशी जायचं होतं, त्यामुळे घाई होती. बिल होतं, बॉक्स होता, टीव्ही चकाचक. मी यूट्यूबवर समुद्र-डोंगरवाला फोर-के व्हिडिओ लावला. चित्र बघून मीच खूश! 70,000 रुपये दिले आणि टीव्ही घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. क्रिकेटची मॅच लावली. हिरवंगार मैदान स्क्रीनभर आलं आणि तो मुलगा म्हणाला, "दादा, खाली ही पट्टी कसली दिसतेय?"

न्यूज चॅनलची पट्टी! काका दिवसभर एकच चॅनल बघायचे. 'ब्रेकिंग न्यूज'ची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो पॅनलवर कायमचा उमटला होता. काकांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना तो डाग कधी दिसलाच नव्हता, कारण डागावर रोज तीच पट्टी चालायची. चूक माझी होती. मी डोळ्यांना छान दिसेल असा व्हिडिओ लावला, दोष दिसेल असा लावला नाही.

तो टीव्ही शेवटी दोष सांगून 41,000 ला विकला. 29,000 चा थेट फटका, भाडं वेगळं. त्या महिन्याचं दुकानाचं भाडं मी घरच्या पैशातून भरलं. पण त्या एका टीव्हीने मला हा धंदा शिकवला.

पॅनल म्हणजेच टीव्ही

महागड्या टीव्हीत बहुतेक किंमत पॅनलची असते. रिमोट, स्टँड, पॉवर बोर्ड, स्पीकर या गोष्टी दुरुस्त होतात किंवा बदलता येतात. पॅनल गेलं की बदलायचा खर्च इतका येतो की जुन्या टीव्हीवर तो करणं परवडतच नाही. म्हणून तपासणीचा नव्वद टक्के वेळ पॅनलला द्या.

दोन प्रकार नीट समजून घ्या:

- ओएलईडी: यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो, मागे लाईट नसते. म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. पण पिक्सेल वापराने झिजतात. एकच चित्र तासन् तास एका जागी राहिलं तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि डाग कायमचा राहतो. यालाच बर्न-इन म्हणतात.
- क्यूएलईडी, मिनी एलईडी: नावं वेगळी, पण हे एलसीडीच. मागे एलईडी लाईट असते. बर्न-इनची भीती फारशी नाही. इथे दोष मागच्या लाईटमध्ये सापडतो: पांढऱ्या स्क्रीनवर काळपट भाग, काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यातून फुटणारा उजेड.

विकणारा म्हणेल, "पिक्सेल रिफ्रेश केलं की डाग जातो." तात्पुरती छाया असेल तर जाते. खरोखर झिजलेला पिक्सेल परत नवा होत नाही. "मग आत्ता करून दाखवा" म्हणा आणि गेला तरच पुढे बोला.

घ्यायला जाताना: तासाभराची तपासणी

एका पेन ड्राईव्हमध्ये साध्या रंगांचे फोटो टाकून ठेवा: पांढरा, काळा, राखाडी, लाल, हिरवा, निळा. बस, एवढंच हत्यार पुरतं.

1. राखाडी आणि लाल रंग पूर्ण स्क्रीनवर लावा. खोलीत अंधार करा. चॅनलचा लोगो, खालची पट्टी, गेममधले आकडे उमटलेत का बघा. 
2. पांढऱ्या रंगावर डाग आणि मेलेले पिक्सेल, काळ्यावर कोपऱ्यातला उजेड बघा.
3. टीव्ही किमान एक तास चालू ठेवा. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. चहा घ्या, गप्पा मारा, पण टीव्ही बंद करू देऊ नका.
4. सगळे एचडीएमआय पोर्ट एकेक करून लावून बघा. वायफाय, ब्लूटूथ, आवाज, रिमोटचं प्रत्येक बटण तपासा.
5. काही मॉडेलमध्ये टीव्ही एकूण किती तास चालला हे मेनूत दिसतं. दिसत असेल तर फोटो काढा. रोज पाच तास म्हणजे वर्षाला साधारण 1,800 तास. "फार वापरलाच नाही" हे वाक्य या आकड्याशी ताडून बघा.
6. मागच्या स्टिकरवरचा, मेनूतला आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना?

मॉडेल नंबरही नीट वाचा. नुसतं "55 इंची ओएलईडी" म्हणजे काहीच नाही. एलजीची सी मालिका घ्या: सी1 हे 2021 चं मॉडेल, सी2 हे 2022 चं, सी3 हे 2023 चं. लांबून बघितलं तर सारखेच वाटतात, पण भाव सारखा नसतो.

टीव्ही परदेशातून आणलेला असेल तर त्याची वॉरंटी इथे चालेल असं धरू नका. भाव त्या हिशोबानेच लावा.

भाव कसा काढायचा?

नवे लोक इथेच अडकतात. विकणारा म्हणतो, "मी दीड लाखाला घेतला होता." त्याने कितीला घेतला याचा आजच्या भावाशी काही संबंध नाही. तुमच्या गिऱ्हाइकासमोर दोनच पर्याय असतात: तुमचा जुना टीव्ही, किंवा दुकानातला नवा टीव्ही ईएमआयवर. म्हणून हिशोब नेहमी आजच्या नव्या टीव्हीच्या ऑफर किमतीपासून सुरू करा.

याचं ताजं उदाहरण बघा. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वी लाखाचा असलेला टीव्ही 1,28,000 चा 1,18,000 झाला. नवा टीव्ही स्वस्त झाला की जुन्याचा भावही खाली येतो. ज्यांच्याकडे जुन्या भावाने घेतलेला माल पडून होता, त्यांचा नफा काहीही चूक न करता घटला. धडा एकच: महागडा टीव्ही साठवून ठेवायचा माल नाही. घ्या, तपासा, विका.

आता माझा हिशोब. दोन वर्षं वापरलेला, पॅनल स्वच्छ, बिल असलेला टीव्ही. तसाच नवा आज 1,20,000 ला मिळतो असं धरा. मी विक्री 55 टक्क्यांवर धरतो, म्हणजे 66,000. हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या गावात थोडा वर-खाली होईल. आता त्यातून वजा करत चला:

- ने-आण आणि बसवणं: 3,000
- रिमोट, ब्रॅकेट, साफसफाई: 1,500
- महिनाभराच्या दुकान-गॅरंटीसाठी राखीव: 5,000
- कर: अंदाजे 3,500
- माझा नफा: 10,000

उरले 43,000. ही माझी जास्तीत जास्त खरेदी किंमत. विकणारा 50,000 वर अडून बसला तर "नमस्कार, येतो" म्हणायचं आणि निघायचं. विकताना भाव तुमच्या हातात नसतो, तो बाजार ठरवतो. घेताना मात्र नाही म्हणणं पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

कराबद्दल थोडं. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटीमध्ये मार्जिन स्कीमची सोय आहे. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल आणि मालात किरकोळ दुरुस्तीपलीकडे बदल केला नसेल, तर कर पूर्ण विक्री किमतीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. वर फरक 23,000 चा आहे, त्यातला 18 टक्क्यांचा हिस्सा साधारण 3,500. रजिस्ट्रेशन लागतं की नाही आणि बिल कसं बनवायचं, हे एकदा सीएसोबत बसून पक्कं करा.

कागद नाही तर टीव्ही नाही

मूळ बिल, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि सीरियल नंबर लिहून त्याच्या सहीची विक्री पावती. हे तीन कागद नसतील तर कितीही स्वस्त मिळू दे, हात लावू नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तशी शंका घ्यायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तो गुन्हा आहे. "खूपच स्वस्त मिळाला" हेच शंकेचं कारण ठरू शकतं.

पैशांच्या बाबतीत एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. फसलात तर लगेच 1930 वर तक्रार करा.

आणि टीव्ही आणताना? छोटा हत्ती बोलवा, दोन माणसं घ्या, टीव्ही कायम उभाच ठेवा. आडवा टाकला आणि खड्ड्यात गाडी आदळली की तुमचे 43,000 तिथेच संपले. उचलताना स्क्रीनवर बोटं दाबायची नाहीत.

विकताना: दोष आधी सांगा

जाहिरातीत मॉडेल नंबर, वर्ष, वापराचे तास आणि चालू स्क्रीनचे फोटो द्या. राखाडी स्क्रीनचा फोटो जरूर टाका. जुना माल घेणाऱ्याच्या मनात एकच भीती असते, "हा माझ्यापासून काय लपवतोय?" ती भीती तुम्हीच काढलीत तर निम्मी घासाघीस तिथेच संपते.

गिऱ्हाइकाला वापर विचारा. गेम खेळणाऱ्याला 120 हर्ट्झचं पॅनल दाखवा. कॅफेवाला मेनू कार्ड दिवसभर लावून ठेवणार असेल तर त्याला ओएलईडी विकू नका. सहा महिन्यांत मेनू पॅनलवर छापला जाईल आणि तो तुमच्या दारात येईल. त्याला साधा एलईडी द्या. बिल छोटं होईल, पण माणूस टिकेल.

तो पट्टीवाला टीव्ही आठवतोय ना? 41,000 ला नेणारा एक पीजी चालवणारा होता. मी आधी राखाडी स्क्रीन लावून डाग दाखवला, मग भाव सांगितला. पावतीवरही लिहून दिलं. घाईत 75,000 ला कोणाच्या तरी गळ्यात मारता आला असता का? कदाचित आला असता. पण त्याच माणसाने पुढच्या दोन वर्षांत माझ्याकडून सहा टीव्ही नेले. तोटा तिथून भरून निघाला.

आता तुमचा गृहपाठ. लगेच पैसे गुंतवू नका. तुमच्या भागात विकायला असलेले पाच महागडे जुने टीव्ही शोधा. प्रत्येकाचा आजचा नवा भाव काढा, वरचा हिशोब मांडा आणि तुमची जास्तीत जास्त खरेदी किंमत वहीत लिहा. पाचातले चार सोडून द्यावेसे वाटले तर समजा, हिशोब बरोबर जमलाय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, पेन ड्राईव्ह तयार ठेवा!