अक्षर कुणाच्या मालकीचे?

चहाच्या टपरीवर आता राजकारणाइतकीच चर्चा मोबाइलची होते. चिखलीच्या बसस्थानकासमोर उभे राहा किंवा खामगावच्या बाजारात, कोणी तरी खिशातून फोन काढतो आणि वाद सुरू होतो. एक म्हणतो, ‘आयफोनची सर कशालाच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘तेवढ्या पैशात माझे सोयाबीनचे बियाणे आणि खत दोन्ही येते.’ तिसरा नोकरदार असतो. तो म्हणतो, ‘आमच्या हापिसात सगळीकडे विंडोजच आहे. एवढे मोठे हापीस, त्यांनी विचार करूनच घेतले असेल ना?’

तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे. पण या वादात एक प्रश्न सहसा येत नाही. या यंत्रात आपण जे लिहून ठेवतो, ते वीस वर्षांनी आपल्याला वाचता येईल का?

मला हा प्रश्न हौसेने पडलेला नाही. ठेच लागली तेव्हा पडला.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी माझा एक कवितासंग्रह निघाला. त्यानंतर लिहिलेल्या कविता मी गावातल्या एका डीटीपीच्या दुकानात टंकून घेत असे. दुकानदाराने त्या दोन फ्लॉपींत भरून दिल्या. बिस्किटाएवढी चौकोनी चकती, पोटात १.४४ मेगाबाइटची जागा. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. पण कविता किती जागा खाते? अख्खे पुस्तक तिच्यात मावून जागा उरली. पुढे कवितांच्या वह्यांना वाळवी लागली. घरच्यांना हळहळ वाटली. मी मात्र निर्धास्त होतो. म्हटले, फ्लॉपीत आहेत ना!

दुसऱ्या संग्रहाची वेळ आली तेव्हा कपाटातून फ्लॉपी काढल्या. तोवर दुकान बंद पडले होते. फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधण्यात महिना गेला. एक फ्लॉपी उघडलीच नाही. दुसरी उघडली, पण पडद्यावर कवितेऐवजी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची खूण यांचा नुसता शेवया-कुरडयांचा ढीग दिसला. पूर्वी टंकन करणारा मुलगा भेटला तेव्हा त्याला विचारले. तो म्हणाला, ‘कायले टेन्शन घेता भाऊ, कविता तिथंच हाय. फक्त तिचा फॉन्ट आता कोनाजवळ नाई.’

कविता तिथेच आहे आणि तरी वाचता येत नाही, हे कोडे काय आहे ते समजून घेऊ.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपण ‘म’ दाबला की तो एक आकडा साठवतो आणि दाखवताना त्या आकड्यासमोरचे चित्र काढतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा तक्ता आधी ठरलेला असावा लागतो. इंग्रजीसाठी असा तक्ता १९६० च्या दशकातच ठरला. त्याला ‘आस्की’ म्हणतात आणि त्यात १२८ जागा आहेत. इंग्रजीचे त्यात भागले. आपले काय?

आपल्याकडे काम झाले नाही असे नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम आधी कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने झाले. सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्याचे, हे सांगताना वऱ्हाडातल्या माणसाची छाती थोडी फुगतेच. भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ नावाचा तक्ता भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केला.

पण छपाईच्या दुकानांत काम चाले ते पेजमेकरसारख्या परदेशी सॉफ्टवेअरवर. त्याला इस्की कळत नसे, इंग्रजी तेवढी कळे. मग आपल्याकडच्या हुशार लोकांनी एक युक्ती काढली. संगणकाला वाटू द्यायचे की आपण इंग्रजीच लिहितो आहोत, फक्त इंग्रजी अक्षराच्या चित्राच्या जागी देवनागरीचे चित्र ठेवायचे. कृतिदेव या फॉन्टात इंग्रजी ‘डी’च्या घरात ‘क’ बसवलेला आहे. संगणक साठवतो ‘डी’, आपल्याला दिसतो ‘क’. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळतो आणि खालचा ‘डी’ उघडा पडतो. माझ्या कवितेचे नेमके हेच झाले होते.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशी कितीतरी नावे त्या काळी डीटीपीच्या दुकानांत ऐकू येत. कुणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. या लोकांनी फॉन्ट केले नसते तर मराठीतली पुस्तके, लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्रे एवढ्या लवकर संगणकावर आलीच नसती. अडचण होती ती वेगळीच. प्रत्येक घराण्याने आपला तक्ता स्वतंत्र ठेवला. एकाच्या घरातला ‘क’ दुसऱ्याच्या घरात ‘ट’ झाला किंवा कंस झाला.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे लगेच समजेल. मूर्तिजापूरला मुंबई–नागपूरची मोठी रेल्वे लागते आणि तिथूनच यवतमाळ व अचलपूरकडे ‘शकुंतला’ची अरुंद लाइन जात असे. कापूस वाहण्यासाठी घातलेली ती लाइन. कापूस तोच, पण रुळांतले अंतर वेगळे. म्हणून शकुंतलेचा डबा मोठ्या रुळावर जाऊ शकत नसे. माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. दोन फॉन्टांमध्ये मराठीचे असेच होई. आणि उतरवताना-भरताना थोडे सांडतेच.

रुंद रूळ कुणी टाकला? जगातल्या मोठ्या संगणक कंपन्यांनी मिळून ‘युनिकोड’ नावाचा तक्ता केला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीला सुरुवातीला १२८ जागांचा वाडा मिळाला आणि त्याची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतली गेली. या तक्त्यात ‘क’ २३२५ आणि ‘म’ २३५०. बुलडाण्यात, दुबईत, शिकागोत तोच क्रमांक. ‘क्ष’ला वेगळा क्रमांक नाही. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन क्रमांक ओळीने येतात आणि जोडाक्षर फॉन्ट जुळवतो. उर्दूची अक्षरेही याच तक्त्यात, फक्त दुसऱ्या मोहल्ल्यात. म्हणून आज माझी बहीण उर्दूत निरोप पाठवते, मी त्याच निरोपाखाली मराठीत उत्तर लिहितो आणि मोबाइल तक्रार करत नाही. पूर्वी उर्दूचे छापखाने इनपेजवर आणि मराठीचे श्रीलिपीवर. दोघांची भेट कागदावरच व्हायची.

विंडोज २००० पासून हा तक्ता वापरून संगणकावर देवनागरी लिहिता येऊ लागली. तरी आपली कार्यालये, छापखाने आणि वर्तमानपत्रे पुढची कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टांवर राहिली. याला कोणी आळस म्हणेल. पण कारणे पाहिली तर माणसासारखीच आहेत. टंकलेखकांची बोटे जुन्या टंकयंत्राच्या कळफलकावर तयार झालेली. जुने फॉन्ट देखणे, नवे सुरुवातीला ओबडधोबड. पेजमेकरला युनिकोड देवनागरी जमत नसे. आणि पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअर चालू असताना दुसरे घ्यायला साहेब मंजुरी कशी देणार?

‘एवढ्या मोठ्या हापिसाने विचार करूनच घेतले असेल’ या मताचे उत्तर इथे मिळते. पुष्कळदा कार्यालय निवडत नाही, सवय निवडते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोकांनी माऊस हातात धरायला शिकले. हे काम थोर आहे. पण शिकलो ते मुख्यतः विंडोजवर, म्हणून कार्यालयात विंडोज बरे वाटले आणि कार्यालयात तेच म्हणून घरीही तेच घेतले. केरळने त्याच दशकात सरकारी शाळांतले संगणक लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथल्या मुलांचा हात दुसरीकडे वळला. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचे ठरवले. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिब्रेऑफिसवर नेण्याची घोषणा केली. मोठेही चाचपडतच चालतात. म्हणून ‘मोठ्याने घेतले’ हा पुरावा होत नाही.

यंत्र बदलण्याची वेळही नेहमी आपण ठरवत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुष्कळ चालते संगणक पुढच्या विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण सुरक्षेची डागडुजी बंद. बैल उभा आहे, पण नाल ठोकणारा गाव सोडून गेला, असा हा प्रकार.

आता माझ्या कवितांचे काय झाले ते सांगतो. महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने त्या फ्लॉपीतला मजकूर युनिकोडमध्ये पालटून दिला. असे पालटणारे प्रोग्राम असतात. एका तक्त्यातला आकडा उचलायचा, दुसऱ्या तक्त्यातला ठेवायचा. ‘सर, झालं,’ तो म्हणाला. खरेच झाले होते. जवळजवळ.

एक कविता अजिंठ्याच्या डोंगररांगेवर होती. ती रांग आमच्या जिल्ह्यातूनच जाते. मूळ ओळीत ‘दऱ्या’ होत्या. पालटलेल्या मजकुरात ‘दर्या’ आला. दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. दर्या म्हणजे समुद्र, आणि तो शब्द तर माझ्या घरच्या बोलीतला, फारसीतून आलेला. बुलडाण्याला समुद्र आला! मी हसलो आणि मग बेचैन झालो. मराठीतला ‘ऱ्या’मधला आडवा रफार जुन्या फॉन्टात एका घरात होता आणि पालटणाऱ्या प्रोग्रामने त्याला डोक्यावरचा साधा रफार समजून घेतले. ही चूक माझ्या नजरेला आली, कारण कविता माझी होती. सातबाऱ्यावरच्या नावात, दाखल्यावरच्या आडनावात अशी चूक झाली तर कोण पाहणार? एका मात्रेसाठी माणूस तहसिलीत तीन चकरा मारतो, हे आपण पाहतोच.

दिसण्याबद्दल एक गोष्ट. मोबाइलवर मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे दिसतात, अशी तक्रार अनेकजण करतात. तक्रार रास्त आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितला आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा क्रमांक एकच. वळण फॉन्ट ठरवतो. मोबाइलची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली तर काही फॉन्टांत ही वळणे आपोआप बदलतात. म्हणून निवड करताना ‘हिंदी चालेल’ म्हणू नका. मराठी निवडा.

मग नवे काही घेताना काय पाहावे? कॅमेरा आणि रंग पाहाच, पण तीन प्रश्न जरूर विचारा. पहिला, मी लिहिलेले दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर जसेच्या तसे उघडेल का? दुसरा, या यंत्राला सुरक्षेची डागडुजी किती वर्षे मिळणार? तिसरा, ही कंपनी उद्या बंद पडली तर माझा मजकूर मी बाहेर कसा काढणार? दुकानदाराला उत्तरे येत नसतील तर तेही एक उत्तरच समजा.

ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतले पुस्तक, संस्थेचे इतिवृत्त किंवा वडिलांचे लेखन पडले आहे, त्यांनी ते आताच युनिकोडमध्ये आणावे आणि डोळ्यांत तेल घालून तपासावे. पीडीएफ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जुन्या फॉन्टातली पीडीएफ दिसते छान, पण तिच्यातली ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की पुन्हा तोच शेवयांचा ढीग. तिच्यात एखादे नाव शोधायला गेलात तर सापडत नाही. तीन प्रती ठेवा, तिन्ही वेगवेगळ्या जागी, आणि त्यातली एक कागदावर.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. पण अभिजात भाषेचेही गेल्या तीस-चाळीस वर्षांतले किती लेखन आज कपाटांत, बंद दुकानांत, मुक्या फायलींत पडून आहे, याचा विचार झाला पाहिजे. अक्षर म्हणजे ज्याला क्षर नाही ते, असे आपण शाळेत शिकलो. संगणकात ते आपोआप होत नाही. कुणीतरी ते एका रुळावरून दुसऱ्या रुळावर सांभाळून न्यावे लागते.

माझी दुसरी फ्लॉपी अजून उघडलेली नाही. तिच्यात आईवरची एक कविता आहे. सुरुवातीच्या चार ओळी आठवतात, पुढच्या आठवत नाहीत. त्या चार ओळी मी आता वहीत लिहिल्या आहेत, मोबाइलमध्येही लिहिल्या आहेत. ‘म’ २३५० या क्रमांकाने.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)