ओठांवरचा राजा

दिवाळीचा पाडवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? औक्षणाचं तबक, नवी साडी आणि ओवाळणीत यंदा काय पडणार याची गोड उत्सुकता! पण मैत्रिणींनो, पंचांगात या दिवसाचं नाव बलिप्रतिपदा आहे. एका राजाच्या नावाचा हा दिवस आहे, आणि तो राजा जिंकलेला नाही, हरलेला आहे.

गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली. प्रल्हादाचा नातू बळी. दानशूर, वचनाचा पक्का. वामन बटू दारी आला, त्यानं तीन पावलं जमीन मागितली. गुरू शुक्राचार्यांनी सावध केलं, तरी बळीनं शब्द फिरवला नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले. तिसऱ्यासाठी त्यानं आपलं मस्तक पुढे केलं आणि राज्य गमावून तो पाताळात गेला.

आता गंमत पाहा. वामनाला आपण देव मानतो, हात जोडतो. पण पाड्व्याला मागणं मागतो ते मात्र बळीच्या राज्याचं! ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ कितीतरी घरांत या दिवशी पहाटे उठून बाईमाणूस घर झाडते, केर टोपलीत भरते, वर जुनी केरसुणी आणि पणती ठेवते आणि हेच म्हणत तो केर बाहेर नेऊन टाकते. या राजाची आठवण दरबारातल्या भाटांनी नाही जपली. ती जपली केर काढणाऱ्या, दिवा लावणाऱ्या हातांनी.

केरळातही हाच राजा लाडका. तिथे ओणमला तो वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो असं मानतात. माहेरवाशिणीच्या वाटेला डोळे लावावेत तशी त्याची वाट पाहतात, अंगणात फुलांच्या रांगोळ्या घालतात. तिकडे राजा येतो. इकडे आपण त्याचं राज्यच यावं म्हणतो. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हा बळी पुराणातून काढून कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे मांडला. तेव्हापासून शेतकऱ्यालाच ‘बळीराजा’ म्हणण्याला वेगळाच अर्थ आला.

पण नुसतं राजा म्हटल्यानं पोट भरतं का हो?

मावळात सोमाटण्याला उतरून पाहा. डोंगरावर चौराई देवी, खालून जुना मुंबई-पुणे रस्ता, जवळच तळेगाव. तळेगाव हे सरसेनापती दाभाड्यांचं. त्यांच्या उमाबाईंनी तर स्वतः फौजेचा कारभार पाहिला. या खऱ्या सत्ताधीशांची नावं इतिहासात आहेत. पण पाड्व्याला घराघरांतल्या बायकांच्या तोंडी येतो तो गोष्टीतला बळीच. हा भाताचा मुलूख. पाडवा येतो तेव्हा खाचरांत भात कापणीला आलेलं असतं. मात्र रस्त्याकडेची खाचरं मागे सरत चालली आहेत आणि तिथे इमारती उभ्या राहत आहेत. तीन पावलं जमिनीची गोष्ट इथल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पाण्याचंही तसंच. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं गेली. त्यांत एक बाई होती.

शहराला पाणी नको का? हवंच. सकाळी नळ आला नाही तर आपला जीव कसा कासावीस होतो ते आपल्याला ठाऊक आहे. पण बळीची गोष्ट इथेच आपला कान धरते. लोकांना तो का आवडला? तो बलाढ्य होता म्हणून नव्हे. मागणाऱ्याला त्यानं रिकाम्या हातानं पाठवलं नाही, आणि शब्द पाळायची वेळ आली तेव्हा प्रजेचं नाही, स्वतःचं डोकं पुढे केलं. राज्य करणाऱ्याला लावायचं माप ते हेच! हा राजा इतिहासात सापडो न सापडो, त्याचं माप आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या जपलेलं आहे.

तेव्हा येत्या पाड्व्याला औक्षण करताना ते वाक्य नुसतं पुटपुटू नका. मुलांना जवळ बसवून बळीची गोष्ट सांगा. ताटातला भात कुठून आला, नळाचं पाणी कुठल्या धरणातून आलं, तेही सांगा. आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर हळदीकुंकवाच्या गप्पांतसुद्धा एवढं विचारायला विसरू नका : वेळ आली तर हा डोकं कुणाचं पुढे करील, स्वतःचं की आपलं?