वाऱ्याला वाऱ्यानेच आवरणारे यूल

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते! मग झुळकीवरही वीज देईल अशी पवनचक्की वादळात टिकणार कशी? डेन्मार्कचे अभियंते योहानेस यूल यांनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर इतकं साधं आहे, की ऐकून थक्क व्हायला होतं.

यूल यांचा जन्म 1887 चा. पोल ला कूर हे 1891 पासून अस्कोवला वाऱ्यावर वीज तयार करत होते. 1904 मध्ये, ऐन पोरवयात, यूल त्यांच्याकडे शिकले. पुढे बरीच वर्षं वीज कंपनीच्या नोकरीत गेली. वाऱ्याचे प्रयोग पुन्हा सुरू केले ते साठीला टेकल्यावर, आणि 1957 मध्ये गेडसेरला त्यांची 200 किलोवॉटची पवनचक्की उभी राहिली. काँक्रीटचा मनोरा, वाऱ्याला तोंड देणारी तीन पाती, चक्राचा व्यास 24 मीटर.

खरी गंमत आत होती. आपल्या शेतातल्या पंपाला असते तशी इंडक्शन मोटार तिच्या ठरल्या वेगापेक्षा किंचित जास्त फिरवली, तर ती वीज खायची सोडून उलट द्यायला लागते. यूल यांनी जनित्र म्हणून नेमकं असंच यंत्र वीजजाळ्याला जोडलं. जाळ्याच्या ठरावीक आवर्तनांना बांधलं गेल्यामुळे पात्यांचा वेग जवळजवळ कायम राहू लागला. आता वारा वाढला, तरी पाती तेवढ्याच वेगानं फिरणार. मग वारा त्यांच्यावर अधिकाधिक उभ्या कोनात आदळणार. एका मर्यादेपुढे हवा पात्याच्या पाठीला धरून वाहू शकत नाही, ती सुटते आणि तिथे भोवरे उठतात. पात्याला ओढणारा जोर तिथेच खुंटतो. पाती वळवणारी यंत्रणा नाही, की लक्ष ठेवणारा माणूस नाही. वारा माजला की पात्याच्या आकारामुळेच त्याचा जोर ओसरतो.

पण वीजजाळंच बंद पडलं तर? तर लगाम सुटून चक्र बेफाम होणार. त्यासाठी यूल यांनी पात्यांची टोकं फिरती ठेवली. वेग हाताबाहेर गेला, की केंद्रोत्सारी बलानं ती आपोआप आडवी होतात आणि हवेतच ब्रेक लागतो.

फारशी डागडुजी न लागता ही चक्की 1967 पर्यंत चालली. खनिज तेलाच्या स्वस्ताईपुढे मात्र तिचा हिशेब जमेना, आणि ती थांबली. 1969 मध्ये यूल गेले. चारच वर्षांनी तेलसंकट आलं आणि जगाला गेडसेरची आठवण झाली. क्रिस्टियान रीसागर नावाच्या डॅनिश सुतारानं तिची छोटी आवृत्ती बांधली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पुढाकारानं मूळ चक्की दुरुस्त करून तिची मोजमापं घेतली गेली. डेन्मार्कचा पवनचक्की उद्योग याच आराखड्यावर उभा राहिला.

आजच्या अजस्र चक्क्या पाती वळवून वारा आवरतात; तेवढ्यापुरते यूल मागे पडले. पण साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर गेलात, तर पाती मोजून पाहा. तीनच असतील, आणि वाऱ्याकडे तोंड करून.