पाठीवरचं १९६६ आणि काळ्या बार्बीबद्दलच्या ऐकीव गोष्टी

जुन्या खेळण्यांच्या ऑनलाइन जाहिरातींत १९६६ हा आकडा हटकून भेटतो. बाहुलीच्या पाठीचा जवळून काढलेला फोटो, त्यावर मॅटेल कंपनीचं नाव, शेजारी हे साल आणि खाली 'अँटिक, साठ वर्षं जुनी' असा दावा. किंमतही साठ वर्षांना शोभेल अशीच लावलेली. नाशिकमध्ये राहून काळ्या फॅशन बाहुल्या जमवायची हौस असेल, तर आधी हा आकडा वाचायला शिका. पुष्कळ पैसे वाचतील.

१९६६ हे बाहुली तयार झाल्याचं साल नाही. ते धडाच्या घडणीवरच्या हक्काचं साल आहे, आणि तो ठसा नव्वदच्या दशकापर्यंत बार्बीच्या पाठीवर उमटत राहिला. डोक्याचं साल वेगळं असतं. ते मानेच्या आतल्या कडेवर किंवा मागे केसांखाली शोधावं लागतं. तिथे १९७६ दिसलं, तर तो 'सुपरस्टार' नावाने ओळखला जाणारा चेहरा, आणि तोही पुढे कितीतरी वर्षं वापरात होता. म्हणजे पाठीवर १९६६, डोक्यात १९७६ आणि प्रत्यक्षात १९९३ साली कुणाच्या तरी मामाने दुबईहून आणलेली, अशी बाहुली अगदी शक्य आहे. हिशेब सोपा आहे: दोन सालांपैकी जे अलीकडचं, त्याहून बाहुली जुनी असू शकत नाही, नवी कितीही असू शकते. नेमकं वय ठरवायला देशाचं नाव, गुडघ्याची घडण, केसांची ठेवण, कपड्याच्या आतली चिठ्ठी हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

दुसरा घोळ 'पहिली काळी बार्बी' या शब्दांचा. विक्रेता प्रत्येक सावळी बाहुली याच नावाने खपवतो आणि घेणाराही भारावून जातो. मॅटेलने १९६७ मध्ये बार्बीची चुलत बहीण फ्रान्सी हिची काळी आवृत्ती काढली. पण चेहऱ्याचा साचा गोऱ्या फ्रान्सीचाच होता, फक्त रंग बदललेला. ती फारशी चालली नाही. १९६८ मध्ये आली क्रिस्टी, बार्बीची मैत्रीण. १९६९ मध्ये ज्युलिया, म्हणजे टीव्ही मालिकेत परिचारिकेचं काम करणाऱ्या डायहान कॅरोल या अभिनेत्रीवर बेतलेली बाहुली. या सगळ्या काळ्या होत्या, पण 'बार्बी' हे नाव त्यांच्यापैकी कुणालाच मिळालं नव्हतं. ते मिळायला १९८० उजाडावं लागलं. किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय डिझायनरने ती घडवली: लाल पोशाख, मोठे दागिने, आखूड कुरळे केस. बार्बी जन्मली १९५९ मध्ये. मैत्रीण व्हायला नऊ वर्षं आणि नायिका व्हायला एकवीस, असा हा प्रवास. तो का लांबला हे समजून घ्यायचं असेल तर लागेरिया डेव्हिस यांचा २०२३ मधला 'ब्लॅक बार्बी' हा माहितीपट पाहा. दिग्दर्शिकेची मावशी मॅटेलमध्ये काम करत होती, त्यामुळे कारखान्याच्या आतून ही गोष्ट कळते.

आणि काळ्या बाहुल्यांची सुरुवात मॅटेलपासून झाली, हाही गैरसमजच. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत १९६८ मध्ये शिंदाना टॉइज ही कंपनी उभी राहिली. मॅटेलने तिला मदत केली, पण कंपनी वस्तीतल्या लोकांची होती. तिची पहिली बाहुली बेबी नॅन्सी. पुढे तिने वांडा नावाची फॅशन बाहुलीही काढली. १९८३ मध्ये कंपनी बंद पडली. बाहुलीच्या रंगाचा प्रश्न तर त्याहून जुना. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने काळ्या मुलांसमोर गोरी आणि काळी बाहुली ठेवून आवडनिवड विचारली. बहुसंख्य मुलांनी गोरी निवडली. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकी निकालात त्या संशोधनाचा आधार घेतला गेला. आपल्याकडे हा प्रयोग करायची गरज नाही. कुठल्याही दुकानातल्या बाहुल्यांच्या फळीकडे बघावं.

इथे एक देशी गैरसमज येतो: भारतात बनलेली बार्बी सावळीच असणार. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लिओ या कंपनीने परवाना घेऊन भारतात बार्बी बनवायला सुरुवात केली. त्या बाहुल्यांना साडी होती, टिकली होती, दागिने होते; पण अंगाचा रंग आणि चेहऱ्याचा साचा मुख्यतः परदेशी गोऱ्या बार्बीचाच. नाशिक-पुण्याच्या घरांत माळ्यावर सापडणारी साडीवाली बार्बी बहुधा हीच. तिचं स्वतंत्र मोल आहे, पण ती काळी बाहुली नव्हे. याच्या उलट फसगत 'आशा' या बाहुलीची. नाव वाचून लोक तिला भारतीय समजतात. ती १९९१ च्या 'शानी' मालिकेतली, शानी आणि निशेल यांच्याबरोबर आलेली, कृष्णवर्णीय अमेरिकी मुलींसाठी केलेली बाहुली. तिघींच्या त्वचेच्या छटा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणून जमवणाऱ्यांना ही मालिका प्रिय आहे.

आता नाशिककडे वळू. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार पालथा घातला की खजिना हाती लागतो, अशी एक रम्य कल्पना असते. त्या बाजारात भाजी, धान्य, भांडी, संसाराचं सामान मनसोक्त मिळतं. बाहुली मिळालीच तर ती नशिबाने. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार मुळात लोखंडाचा आणि कारखान्यांतल्या मालाचा होता, महापालिकेने २०१७ मध्ये तो हटवलाही. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात शक्यता थोडी जास्त, पण तिथला दुकानदार तुमचा चेहरा वाचून भाव सांगतो. नाशिकमध्ये खरा स्रोत म्हणजे घरं. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, फ्लॅट बदलायचा आहे, माळा रिकामा करायचा आहे; अशा वेळी खेळण्यांची पिशवी भंगारवाल्याकडे प्लास्टिकच्या भावाने, किलोवर जाते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकून ठेवा. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत किंवा आखातात आहेत, त्यांच्याकडे आधी विचारा.

या पिशव्यांतून १९८० ची बार्बी निघेल अशी आशा धरू नका. निघते ती २०१६ नंतरची, 'फॅशनिस्टा' मालिकेतली बार्बी: उंच, ठेंगणी किंवा भरल्या अंगाची, अफ्रो केसांची. कोड असलेली काळी बार्बी २०२० मधली. ती कुणी 'रंग उडालेली' म्हणून स्वस्तात देत असेल तर मुकाट्याने घ्या. ब्राट्झ या दुसऱ्या फॅशन बाहुल्यांपैकी साशा सापडली आणि तिला पाऊलच नसलं, तरी ती मोडकी आहे असं समजू नका. ब्राट्झ बाहुल्यांचे बूट आणि पाऊल एकच असतात, बूट काढला की पाऊलही निघतं. बूट हरवलेत, इतकंच. नक्कल मात्र ओळखा: धड पोकळ, वजनाला हलकं, आणि केस फक्त कडेने लावलेले, मधोमध टक्कल.

सगळ्यात जास्त बाहुल्या बाजारात नव्हे, घरी आणल्यावर बिघडतात. कारण स्वच्छतेचे बहुतेक सल्ले गोऱ्या, सरळ केसांच्या बाहुलीसाठी लिहिलेले असतात. केसांवर उकळतं पाणी ओतलं की ते मऊ आणि सरळ होतात, हे काही धाग्यांबाबत खरं आहे. पण काळ्या बाहुलीचे कुरळे केस कारखान्यात उष्णतेनेच वळवलेले असतात. गरम पाण्याने ते वळण सुटतं आणि परत येत नाही. बारीक कंगवा फिरवला तर कुरळ्यांचा पिंजलेला कापूस होतो. कोमट पाणी, सौम्य शांपू, बोटांनी गुंता सोडवणं, सावलीत वाळवणं, एवढं पुरे. खोबरेल तेल लावू नका, धूळ चिकटते. क्रिस्टी आणि ज्युलियाच्या जुन्या बाहुल्यांचे केस लालसर दिसले तर कुणी रंगवले असं मानू नका. काळाच्या ओघात ते धागे लाल पडतात.

पेनच्या डागावर मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून बाहुली उन्हात ठेवायची, हा प्रसिद्ध उपाय. ते मलम रंग घालवतं. गोऱ्या बाहुलीवर ते खपून जातं, गडद अंगावर मात्र फिकट चट्टा उरतो, कायमचा. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अॅसिटोनने चेहऱ्याची रंगरेषा पुसली जाते आणि कडक प्लास्टिकचं धड विरघळतं. पाय चिकट लागले तर ती घाण किंवा बुरशी नाही. मऊ प्लास्टिकमध्ये मिसळलेलं द्रव्य बाहेर झिरपतं. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, तेव्हा बाहुल्या पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. धातूची कर्णफुलंही काढून ठेवा, नाहीतर कानाभोवती हिरवा डाग पसरतो.

परदेशातून मागवणं सोपं आहे, या समजुतीत राहू नका. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत ते वेगळेच. म्हणून ऑनलाइन परदेशी भाव बघून इथला भाव ठरवू नका, आणि विकणाऱ्याला पैसे देण्याआधी चार फोटो मागा: पाठीचा ठसा, मानेचा मागचा भाग, वेगळे केलेले केस आणि दिवसाच्या उजेडातला चेहरा. तेवढे द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.