उन्हाळ्यातली ढोलकी इतक्या लांब कशी ऐकू येते?

चैत्रात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर-अकोल्याकडच्या एखाद्या वस्तीवर रात्री अंगणात बाज टाकून पडावं, तर कोसभरावरच्या गावजत्रेतली ढोलकी अगदी शेजारी वाजल्यासारखी येते. गाण्याचे बोल लागत नाहीत, पण हलगी कुठे थांबली आणि ढोलकीने तिथून कुठे उचललं, ते नेमकं कळतं. त्याच गावात दिवसा कर्णा लावून कोणी ओरडलं तरी इकडे पत्ता लागत नाही.

हे घडतं हवेमुळे. हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमिनीलगतची हवा जास्त तापलेली असते आणि वर गारवा असतो. त्यामुळे आवाज वरच्या दिशेला वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगत गार हवेचा थर बसतो आणि ऊब वर राहते. आता आवाज खाली वळतो, पुन्हा जमिनीकडे. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात इथल्या रात्री कोरड्या आणि स्वच्छ असतात. जत्रेतला तमाशाचा फड रात्री उभा राहतो आणि त्याच वेळी आभाळही त्याच्या मदतीला येतं. मला तरी यापेक्षा सुंदर रंगमंदिर माहीत नाही.

आता ढोलकीकडे या. कातडं कोरड्या हवेत ताणलं जातं आणि दमट हवेत सैल पडतं. हलगीवाले खेळ सुरू व्हायच्या आधी हलगी जाळावर शेकतात ती म्हणूनच. उन्हाचे दिवस हे काम निम्मं आधीच करून ठेवतात. ढोलकीची गंमत त्याहून खोल आहे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात, ते मूळच्या दुप्पट-तिप्पट नसतात. ते १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे असतात, म्हणून कानाला नुसता दणका जाणवतो, सूर जाणवत नाही. आपल्या कारागिरांनी मात्र पुडीच्या मधोमध शाईचा लेप चढवला. त्या वजनाने कातड्याचं थरथरणं बदलतं आणि वरचे सूर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा रांगेत येऊन बसतात. मृदंग आणि तबल्यातलं हे कोडं सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. ढोलकीच्या चाटेवर, म्हणजे उंच सुराच्या बाजूवरही, तीच शाई असते. म्हणूनच ती गाणाऱ्याच्या सुरात लावता येते, आणि लावणीत तिची थाप गाण्याचाच भाग वाटते.

पण एकच फड रोज वेगळ्या गावात कसा पोचतो? याचं उत्तर चंद्राकडे आहे. प्रत्येक गावाच्या भैरोबाची, मारुतीची, खंडोबाची तिथी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. कुणाची रामनवमी, कुणाची चैत्री पौर्णिमा, कुणाची वद्य अष्टमी. हंगाम दसऱ्याला सुरू होऊन बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. आधी तंबू ठोकून तिकिटावर, आणि चैत्र लागला की जत्रांच्या सुपाऱ्यांवर. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी तिथे येतात, घासाघीस होते आणि तिथीवर नाव चढतं. नारायणगाव पुणे जिल्ह्यात असलं तरी पुणे-नाशिक रस्ता तिथून थेट संगमनेरात उतरतो, त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा आणि या बाजाराचा घरोबा जुना. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, तर २०२६ साली १९ मार्चला. इंग्रजी तारखा अशा सरकत राहतात आणि फडाचा अख्खा उन्हाळा त्यांच्यासोबत सरकतो. रब्बी निघालेली, हातात चार पैसे आलेले, पेरणीला अवकाश: शेतकऱ्याची सवडही त्याच पंधरवड्यांत.

जत्रेच्या रात्री देवाचा छबिना फिरतो, मग खेळ उभा राहतो. ढोलकी-हलगीची जुगलबंदी, गण, मावशी आणि पेंद्याला घेऊन गवळण, बतावणी, लावण्या, शेवटी वग. उजाडलं तरी काम संपत नाही. सकाळी त्याच गावात हजेरी असते. दिव्यांचा झगमगाट नाही, पडदा नाही. गावकरी समोर बसून फर्माईश करतात आणि फड गातो. दुपारी कुस्त्यांचा हगामा सुरू होतो तेव्हा गाड्या पुढच्या गावाच्या वाटेला लागलेल्या असतात.

हजेरी हीच फडाची शाळा, असं माझं मत आहे. मुख्य गायकाच्या मागे सुरत्ये उभे राहतात. एकाच्या हातात तुणतुणं, दुसऱ्याच्या हातात झांज किंवा कडं. गाणाऱ्याने ओळ सोडली की ते झील धरतात, म्हणजे ओळीचं टोक उंच सुरात पेलून ठेवतात, तेवढ्यात गाणारा श्वास घेतो. तुणतुण्याला तार एकच आणि सूरही एकच, पण रात्रभर तो ढळू द्यायचा नाही. अशा शेकडो रात्रींत नवख्याचा कान तयार होतो. वही नसते, स्वरलेखन नसतं.

संगमनेरला ही परंपरा फार जुनी. शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) इथलेच. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, असं सांगतात. आणि इथेच राहिल्या कांताबाई सातारकर. १९३९ साली गुजरातेत जन्मलेल्या या बाईंनी लावणी गाजवली, वगात पुरुष भूमिकाही केल्या. पती तुकाराम खेडकर १९६४ साली गेल्यावर हिमतीने फड उभा केला. मुलगा रघुवीर नामवंत सोंगाड्या झाला, मुलीही त्याच रंगमंचावर वाढल्या. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. फडांची वर्षाची कमाई ज्या दिवसांत होते नेमके तेच दिवस बंद पडले. पुढच्या उन्हाळ्यातही तेच झालं, आणि त्याच उन्हाळ्यात, २५ मे २०२१ रोजी, कांताबाई संगमनेरात कोरोनाने गेल्या.

ध्वनिमुद्रणाने या कलेला अर्धाच न्याय दिला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून लावणी कापून गावी लागे. कॅसेट आली तेव्हा वगाला थोडी जागा मिळाली. आता मोबाइलमध्ये तासन्‌तास मावतात, तरी आपण टिपतो तो अर्ध्या मिनिटाचा नाचाचा तुकडा. गण, झील आणि सकाळची हजेरी तशीच विरून जाते.

म्हणून एक विनंती. यंदा गावच्या जत्रेला गेलात तर मोबाइल हजेरीच्या वेळी काढा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू ठेवा. आधी फडमालकाची परवानगी घ्या. शेवटी ढोलकीवाल्याचं, हलगीवाल्याचं आणि मागे उभ्या असलेल्या सुरत्यांचं नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. आणि ती ध्वनिफीत फडालाही पाठवा.