एका फुलाचे दोन धडे

विज्ञानाच्या पुस्तकात परागीभवन आणि इतिहासाच्या पुस्तकात स्वदेशी. मुलं दोन्ही धडे वेगवेगळे पाठ करतात. कपाशीच्या शेतात मात्र हे दोन्ही धडे एकाच झाडावर फुललेले असतात!

दहावीचं वर्ष असलेल्या घरात हे दृश्य हमखास दिसतं. चटईवर दोन वह्या उघड्या पडलेल्या. एकीत फुलाची आकृती आणि तिला दिलेली नावं : परागकोष, कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय, बीजांड. दुसरीत सनावळी : १९०५, १९२१, १९३०. आई भाजी निवडता निवडता प्रश्न विचारते, मुलगी घडाघडा उत्तरं देते. मग आई म्हणते, "विज्ञान झालं, आता इतिहास घे!" जणू या दोन वह्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

पण संबंध आहे. तो पाहायचा असेल तर नांदेडला जावं. कृषी विद्यापीठाच्या नांदेड इथल्या कापूस संशोधन केंद्रात 'एनएचएच-४४' हा संकरित कापूस तयार झाला. १९८० च्या दशकात तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू रानांत दूरवर पसरला. आणि याच नांदेडमध्ये मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतात. एकीकडे कपाशीच्या फुलाचं लग्न लावण्याचं शास्त्र, दुसरीकडे त्याच कापसाचा तिरंगा. दोन धड्यांची याहून चांगली भेट कुठे होणार?

कापड म्हणजे बियांवरचे केस

आधी विज्ञानाची वही. कपाशीचं फूल जवळ नसेल, तर अंगणातली जास्वंद चालेल. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस ही सगळी एकाच कुळातली भावंडं. जास्वंदीच्या मधोमध जी लांब नळी दिसते, ती पुंकेसरांची. तिच्यावर परागकोष लगडलेले असतात. त्या नळीच्या आतून कुक्षीवृंत जातो आणि टोकाला कुक्षी बाहेर डोकावते. कपाशीची रचना अशीच, फक्त आकार आखूड.

कपाशीचं फूल सकाळी उमलतं. अमेरिकन कापसाचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होऊन मिटतं. जे काही घडायचं ते या अवधीतच. परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून एक बारीक नलिका फुटते, कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि साधारण दिवसभरात बीजांडापर्यंत पोचून फलन होतं. कपाशीचे परागकण जड आणि चिकट असतात, ते वाऱ्यावर उडत नाहीत. बहुतेक वेळा फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. दुसऱ्या फुलाचे पराग यायचे तर ते मधमाशीच्या अंगाला चिकटून येतात.

पुढची गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. फूल उमलतं त्याच सुमारास बीजांडाच्या वरच्या थरातल्या काही पेशी लांबू लागतात. दोन-तीन आठवडे त्या लांबतच राहतात. मग आतून सेल्युलोजचे थर बसतात. दीड-दोन महिन्यांनी बोंड फुटतं, तेव्हा सरकीवर पांढरीशुभ्र रुई दिसते. त्या रुईचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी! आपल्या अंगावरचा सुती सदरा म्हणजे कपाशीच्या बियांच्या सालीवरचे केस. झाडाने ते आपल्या बीसाठी वाढवले, माणसाने त्यांचं सूत काढलं.

त्याच केसांसाठी साम्राज्य

आता इतिहासाची वही. इंग्रजांना हिंदुस्थानातून हवी होती ती हीच रुई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांचं नशीब उघडलं. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेकांची दिवाळी निघाली ती दिवाळखोरीची! वऱ्हाडातल्या खामगावसारख्या बाजारांपर्यंत रेल्वे आली तीही कापसासाठी. रुई गाठी बांधून बाहेर जायची आणि कापड होऊन परत यायची. मधला नफा साहेबाचा.

हा व्यवहार ज्यांना प्रथम खुपला, त्यांत पुण्याचे गणेश वासुदेव जोशी होते. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेमहाराजे भरजरी पोशाखात मिरवत असताना सार्वजनिक सभेचे हे प्रतिनिधी खादीच्या साध्या वेषात तिथे हजर होते. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते. पुढे १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला आणि लोकांचा संताप वाढला. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. पुढाकार होता तरुण सावरकरांचा, आणि टिळक तिथे बोलले. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते तशीच मोठी होळी झाली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाने भरलेल्या लॉरीसमोर उभा राहून बाबू गेनू मरण पावला. तो स्वतः गिरणी कामगार होता.

एका पेशीचा तंतू, आणि त्यावरून राष्ट्र जागं झालं!

देशी कोण, परदेशी कोण?

इथे झाडाने माणसाची एक गंमत केली आहे. आपल्या देशी कापसाचा धागा आखूड. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धागा हवा, म्हणून कंपनी सरकारच्या काळापासून अमेरिकन कापूस इथे रुजवण्याची खटपट सुरू झाली. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकनच्या पेशीत ५२. त्यामुळे या दोघांची सोयरीक सहजासहजी जुळत नाही. पण अमेरिकन कापसाची वंशावळ शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा त्याच्या ५२ पैकी निम्मी गुणसूत्रं आशिया-आफ्रिकेतल्या कापसाच्या कुळातून आलेली निघाली. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, माणसाने सीमा आखण्याच्या कितीतरी आधी, हा संकर निसर्गानेच घडवला होता.

युरोपातला राष्ट्रवाद आणि परागीभवन यांचीही अशीच एक भेट झाली होती. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या ब्रनो शहरात मठवासी ग्रेगोर मेंडेल वाटाण्याच्या फुलांचे पराग हाताने एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेत होते. १८६६ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्याच वर्षी प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध झालं आणि प्रशियाचं सैन्य ब्रनोत शिरलं. जर्मन राष्ट्राच्या एकीकरणाचा तो एक टप्पा. इतिहासाच्या पुस्तकात ते युद्ध आहे, विज्ञानाच्या पुस्तकात ते वाटाणे आहेत. गाव मात्र एकच.

नखाने लावलेलं लग्न

मेंडेलच्या वाटाण्यावरची तीच युक्ती आपल्याकडे कपाशीच्या रानात आली. १९७० मध्ये गुजरातच्या सुरत केंद्रातून चंद्रकांत पटेल यांनी 'संकर-४' हा वाण दिला. मोठ्या प्रमाणावर लागवडीसाठी दिलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. त्यानंतर दक्षिणेत आणि आपल्या नांदेडलाही नवे वाण निघाले.

संकरित सरकी तयार करण्याचं काम नाजूक. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी अलगद काढायची. कुक्षीला धक्का लागता कामा नये. कळी झाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं ताजं फूल आणून त्याचे पराग त्या कुक्षीवर फिरवायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. असं एकेक फूल, रोज, दोन-अडीच महिने.

या सरकीचं पीक जोमदार येतं; पण त्या पिकाची सरकी पुढल्या वर्षी पेरली, तर मेंडेलच्या नियमाने गुण विखुरतात. म्हणून दरवर्षी नवं पाकीट विकत घ्यावं लागतं. आजोबांच्या काळात घरची सरकी जपून पेरली जायची. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि आज देशातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीचं क्षेत्र त्याखाली आहे. उत्पन्न वाढलं हे खरं, पण ज्या पिकाने स्वावलंबनाचा धडा दिला त्याच पिकाचा शेतकरी बियाण्यासाठी बाजारावर अवलंबून राहिला, हेही तितकंच खरं. ध्वजाचंही तसंच. एकेकाळी तो खादीचाच हवा असा नियम होता; डिसेंबर २०२१ मधल्या दुरुस्तीने पॉलिस्टर आणि यंत्राच्या कापडालाही परवानगी मिळाली.

तिच्या हातात पेन्सिल

आणि कळ्या सोलणारे हात कुणाचे? आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि गुजरातमधल्या बियाण्यांच्या शेतांवर या कामाला लहान मुली लावल्या जातात, हे १९९० च्या दशकापासून वारंवार उघड झालं आहे. कारणं ठरलेली : बोटं बारीक, उंची झाडाएवढी आणि मजुरी कमी. कळ्या सोलायचे महिने म्हणजे शाळेचं पहिलं सत्र. हंगाम संपेपर्यंत मुलगी मागे पडते आणि पुष्कळदा शाळेत परततच नाही. २०१६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना मजुरीवर ठेवण्यास कायद्याने सरसकट बंदी आहे. घरच्या शेतीची सवलतही शाळेच्या वेळेबाहेरचीच. तरी कायदा शेताच्या बांधापर्यंत पोचायला उशीर लागतो.

म्हणून या वर्षी अभ्यास घेताना दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. आधी जास्वंदीचं एक फूल उभं चिरून मुलांना त्यातली नळी दाखवावी. भाद्रपद-आश्विनात कपाशी फुलते, तेव्हा गावाकडे जाणं झालं तर बांधावर थांबून फुलाचा बदललेला रंग दाखवावा. दिवाळीनंतर वेचणीच्या वेळी एक सरकी हातात देऊन तंतू ओढायला सांगावा. स्वदेशी म्हणजे काय, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि त्याच वेळी, सीड प्लॉटवर शंभर कळ्या बिनचूक सोलणाऱ्या त्या मुलीचीही आठवण काढावी. परीक्षेत आकृती काढून नावं द्यायचा प्रश्न आला, तर तिच्याइतकी अचूक आकृती कोण काढेल? पण त्यासाठी ती परीक्षेला बसलेली हवी.