जंतुभय आणि आधुनिक समाज : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुसिद्धान्त प्रस्थापित झाला आणि रोगाकडे पाहण्याची मानवाची दृष्टी मूलतः बदलली. दैवी कोप, दूषित हवा किंवा पूर्वकर्म यांत शोधली जाणारी रोगाची कारणे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला आणि १८८४ मध्ये कलकत्त्यातील संशोधनातून पटकीच्या जंतूची निश्चिती केली. या ज्ञानाने असंख्य जीव वाचविले. त्याचबरोबर, डोळ्यांना न दिसणारा शत्रू सर्वत्र दडलेला आहे, ही भावनाही समाजमनात रुजली. आज साबण, फरशी पुसण्याचे द्रव, रंग, कपडे अशा अनेक वस्तू ‘जंतुनाशक’ या विशेषणासह विकल्या जातात. तेव्हा आधुनिक समाज जंतूंना वाजवीपेक्षा अधिक घाबरू लागला आहे काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. भीती किती आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेने वळली आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

सार्थ भीतीचा वारसा :

जंतूंविषयीची सावधगिरी निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे १८४७ पासून डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्यास भाग पाडले. एप्रिल महिन्यात तेथील प्रसूतिकक्षात मातांच्या मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होते; जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखविला. या दोन्ही उदाहरणांत जंतूचे नावही ठाऊक नव्हते. मात्र रोग कोणत्या वाटेने येतो, हे अचूक हेरले गेले होते. आजही साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे विविध अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. जगात पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक बालके दरवर्षी अतिसाराने दगावतात, हे लक्षात घेता ‘जंतूंची भीती अनाठायी आहे’ असे सरसकट विधान करणे धाडसाचे ठरेल.

भीतीची दिशा चुकते तेव्हा :

जंतू ठाऊक असूनही त्याची वाट ठाऊक नसेल तर काय घडते, याचा धडा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला, तेव्हा गटारांत कार्बोलिक आम्ल सोडणे, घरे धुऊन काढणे, सामान जाळणे, संशयितांना वेगळे ठेवणे असे उपाय मोठ्या प्रमाणावर योजले गेले. १८९७ मध्ये पुण्यात रँड यांच्या देखरेखीखाली सैनिकांकरवी घरोघरी झडत्या झाल्या. त्यातून उसळलेला लोकक्षोभ आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेला हल्ला सर्वज्ञात आहे. प्लेग प्रामुख्याने उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत दाखवून दिले. परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तात्पर्य, रोग पिसवांवाटे येत होता आणि शासनाचा रोख माणसांवर व त्यांच्या घरांवर होता.

याच काळात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. रोगाची भीती आणि रोग्याविषयीची घृणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

सव्वाशे वर्षांनंतर कोविड-१९ च्या साथीत हाच दोष वेगळ्या रूपाने दिसला. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक द्रावण फवारण्यात आले. अशी फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयास एप्रिलमध्ये स्पष्ट करावे लागले. शहरांतील अनेक गृहसंकुलांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना दीर्घकाळ प्रवेश नाकारला. परदेशप्रवास करून आलेल्या रहिवाशांकडे मात्र प्रारंभी त्याच संशयाने पाहिले गेले नाही. भाजी, दाराच्या कड्या, वर्तमानपत्रे निर्जंतुक करण्यात घरोघरी वेळ खर्ची पडला. वस्तूच्या पृष्ठभागाला स्पर्श झाल्याने संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिला. विषाणू मुख्यत्वे हवेतून पसरत होता. खिडक्या मात्र बंद होत्या. ज्या समाजात सोवळ्या-ओवळ्याची आणि स्पर्शास्पर्शाची परंपरा दीर्घकाळ होती, तेथे जंतूची भीती श्रमिकाच्या स्पर्शाच्या भीतीत किती सहज रूपांतरित होते, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावयास हवे.

सूक्ष्मजीव : शत्रू आणि सोबती :

जंतुभयाची दुसरी मर्यादा जीवशास्त्रीय आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार मानवी शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी, तर सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी, तर अनेक पचनास व रोगप्रतिकारक यंत्रणेच्या जडणघडणीस उपकारक आहेत. ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये असे निदर्शनास आणले की, ज्या मुलांना अधिक मोठी भावंडे आहेत, त्यांच्यात परागकणांच्या वावड्यामुळे होणाऱ्या सर्दीचे प्रमाण कमी आढळते. त्यातून ‘स्वच्छता गृहीतक’ पुढे आले.

तथापि या गृहीतकाचा अर्थ ‘मुलांना घाणीत वाढवावे’ असा घेणे चुकीचे आहे. ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये त्याला ‘जुने सोबती’ या संकल्पनेची जोड दिली. गोवर किंवा अतिसाराचे जंतू नव्हे, तर माती, पशू व निसर्ग यांच्यासह मानवाबरोबर उत्क्रांत झालेले सूक्ष्मजीव रोगप्रतिकारक यंत्रणेला संयम शिकवितात, असे हे प्रतिपादन आहे. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या समान वंशमूळ असलेल्या दोन शेतकरी समाजांवरील २०१६ चा अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. पारंपरिक पद्धतीने, गुरांच्या सान्निध्यात शेती करणाऱ्या आमिश समाजातील शालेय मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट समाजात ते सुमारे २१ टक्के होते. फरक घराच्या अस्वच्छतेचा नव्हता, निसर्गाशी असलेल्या सहवासाचा होता.

बाजारपेठ आणि प्रतिजैविके :

भीतीला बाजारपेठेने वस्तूचे रूप दिले. मात्र साध्या साबण-पाण्यापेक्षा आपली उत्पादने अधिक परिणामकारक आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक असलेल्या जंतुनाशक साबणांच्या घरगुती विक्रीस मनाई केली. त्याहून गंभीर बाब प्रतिजैविकांची आहे. विषाणूजन्य सर्दी-पडशावर प्रतिजैविके निरुपयोगी असूनही ती घेतली जातात. परिणामी जंतू औषधांना दाद देईनासे होतात. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू अशा प्रतिरोधक जीवाणूंमुळे थेट ओढवले, असा अंदाज आहे. प्रत्येक जंतू मारण्याच्या हव्यासातून खरोखर घातक जंतू बळावतात, ही या भीतीची शोकांतिका होय.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आधुनिक समाज जंतूंना सरसकट अधिक घाबरतो असे नव्हे, तो चुकीच्या ठिकाणी अधिक आणि योग्य ठिकाणी कमी घाबरतो.

२) स्वच्छता ही लक्ष्यवेधी असावी. शौचानंतर व जेवणापूर्वी हात धुणे, पिण्याचे पाणी शुद्ध राखणे, खोल्यांत हवा खेळती ठेवणे आणि लसीकरण या गोष्टी चकाकणाऱ्या फरशीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

३) जंतूंविरुद्धचा कोणताही उपाय माणसाविरुद्धचा उपाय होणार नाही, याची दक्षता घेणे हे शासनाइतकेच नागरिकांचेही कर्तव्य आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. साथीच्या काळात अनेक शिक्षणसंस्थांच्या प्रवेशद्वाराशी सॅनिटायझरची यंत्रे उभी राहिली. परंतु विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहात पाणी व साबण आहे काय, पाण्याची टाकी वेळोवेळी धुतली जाते काय, वर्गाच्या खिडक्या उघडतात काय आणि स्वच्छता करणाऱ्या कर्मचाऱ्याला हातमोजे मिळतात काय, हे प्रश्न साथ ओसरल्यावरही विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे होकारार्थी देता आली, तर जंतूंची भीती आपोआप आटोक्यात येईल आणि तिची जागा आरोग्याविषयीचे सुजाण भान घेईल.